लाकडी राजवाडा

कपातला चहा हलला तेव्हा राजाभाऊ बिराजदारला वाटलं, आपल्याच गुडघ्याचा टेबलाला धक्का लागला असेल. शुक्रवार होता, ऑफिस अर्ध्या दिवसाचं, म्हणून तो घरूनच काम करत होता. समोर स्क्रीनवर लिस्बनचा जुना राजवाडा उभा होता. नदीकाठी, फिकट दगडाचा, पाण्याकडच्या टोकाला भक्कम चौकोनी बुरूज आणि आतल्या अंगाला घड्याळाचा मनोरा. सतराशे पंचावन्नच्या भूकंपात तो राजवाडा गेला, आणि आज त्या जागी नुसता मोकळा चौक आहे. लिस्बनमधल्या एका संस्थेच्या प्रदर्शनासाठी दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या राजाभाऊच्या कंपनीनं तो कॉम्प्युटरवर पुन्हा बांधला होता, आणि बांधून झाल्यावर आता तो पाडायचा होता. पाडायचं काम राजाभाऊचं. पूल, धरणं, जुन्या इमारती, जे काही पडद्यावर कोसळायचं असेल ते त्याच्याकडे यायचं. दुबईतल्या या धंद्यात पडझड चांगली करणारे लोक कमी होते आणि त्यांत त्याचं नाव होतं. मनोरा मधून मोडावा की मुळातून आडवा व्हावा, एवढाच प्रश्न त्या क्षणी त्याच्या डोक्यात होता. मग जेवणाच्या टेबलावरचा दिवा झुलायला लागला. स्वयंपाकघरात टांगलेले डाव एकमेकांना लागून वाजले. एकोणिसावा मजला एका बाजूला गेला, जरा थांबला आणि परत आला. त्यानंतरचं त्याला सलग आठवत नाही. जिन्याचा गार कठडा आठवतो, कुणाच्या तरी काखेत कुरकुरणारं मांजर आठवतं, आणि खालून वर येणारा चपलांचा फटफट आवाज, जो खरं तर वरून खाली चालला होता. भान आलं तेव्हा तो शारजातल्या आपल्या टॉवरच्या पार्किंगमध्ये उन्हात उभा होता आणि डांबर तळपायाला पोळत होतं. आपण अनवाणी आहोत हे त्याला उशिरा कळलं. शुभ्रा वर राहिली आहे, हे त्याहून उशिरा.

त्याची मुलगी. अकरा वर्षांची. शुक्रवारची शाळेला सुट्टी असते म्हणून ती आपल्या खोलीत होती, आणि तिच्या खोलीच्या दारावरूनच तो धावत गेला होता. वर बघायला मान उचलावी तर ती उचलेना. काचांची ती उंच भिंत आपल्या नजरेच्या भारानंही कलेल, असं काहीतरी त्याला वाटत होतं. लोक फोनवर बोलत होते, इराणमध्ये कुठेतरी झालाय, तिकडे मोठा, इकडे नुसता हलका, खलास, संपलं, असं एकमेकांना सांगत होते. कुणी हसतही होतं. तेवढ्यात त्या गर्दीतून शुभ्रा आली. एकटी. केस विस्कटलेले, शाळेचा पीटीचा टीशर्ट, आणि हातात त्याच्या चपला. त्या तिनं त्याच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाली, "बाबा, युअर फीट." त्यानं चपला घातल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला आणि त्यानं तो मध्येच मागे घेतला.

वॉचमननं लिफ्ट सुरू झाल्याचं सांगितलं आणि माणसं आत जायला लागली. शारजातली माणसं फार वेळ भीत बसत नाहीत, उद्याचं ट्रॅफिक त्यांना आजच दिसत असतं. राजाभाऊ लॉबीपर्यंत गेला. लिफ्टचं दार उघडलं, आतल्या आरशात त्याला आपला चेहरा दिसला आणि पाय तिथंच थांबले. तो म्हणाला, गाडीत काहीतरी राहिलंय. शुभ्रा शेजारच्या केरळी बाईंबरोबर वर गेली. दार मिटेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती. सुचित्रा, त्याची बायको, जेबेल अलीच्या ऑफिसातून परत आली तेव्हा तो गाडीतच बसला होता. तिनं काच वाजवली. त्यानं सांगितलं, गाडीतून आवाज येतोय, बघतोय. ती हळू आवाजात म्हणाली, वर ये, लोक बघतायत. त्यानं सांगितलं, ऑफिसला जावं लागेल, कॉम्प्युटरवर चित्रांचा रेंडर अडकलाय. सुचित्राला तो चौदा वर्षं ओळखत होता आणि तिलाही त्याची तेवढीच ओळख होती. रेंडर वगैरे काही अडकलेला नाही हे तिला कळलं, हेही त्याला कळलं. ती गेली. लिफ्टच्या आकड्यांचा दिवा एकेक करत एकोणीसपर्यंत चढताना त्यानं काचेतून पाहिला.

तहसीनचा फोन आला तो मनोऱ्याबद्दल विचारायला. तहसीन प्रोजेक्टची स्क्रिप्ट लिहायची. कोकणातल्या म्हसळ्याकडची, पण जन्म आणि शाळा शारजातच. मराठी बोलताना मधेच अरबी शब्द टाकायची आणि पोर्तुगीज नावं कुणाहीपेक्षा नीट उच्चारायची. मनोरा झाला नाही, असं राजाभाऊ म्हणाला. मग का कुणास ठाऊक, सहा महिने जिच्याशी फक्त कामाचं बोलला होता त्या मुलीला त्यानं सांगून टाकलं, की मला वर जाता येत नाहीये. ती म्हणाली, आमच्या घरी या, आमचं घर जमिनीवरच आहे. शारजातल्या रोल्ला बाजाराच्या मागे, दुकानांच्या पाठच्या गल्लीत, जुन्या अरबी धाटणीचं एकमजली घर होतं ते. मधे अंगण, अंगणात बदामाचं झाड, एका बाजूला पत्र्याची शेड. तहसीनचे वडील खैरुद्दीनचाचा तिथे तीस वर्षं राहत होते आणि मुलांनी कितीदा सांगूनही टॉवरमध्ये गेले नव्हते. त्यांनी राजाभाऊला काही विचारलं नाही. शेडमधली खाट झटकली, उशीला स्वच्छ अभ्रा चढवला आणि म्हणाले, "आरामात झोपा. इथं वरून पडलंच तर बदामाचं पान पडंल."

तो तिथे राहायला लागला. एक रात्र म्हणून आला होता. सुचित्राला फोनवर दर संध्याकाळी नवं कारण सांगायचा. कारणं संपल्यावर नुसतं "उद्या बघतो" म्हणायचा आणि ती "बरं" म्हणायची. दिवसा सिलिकॉन ओएसिसला जाऊन काम करायचा. ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं, तेवढं जमत होतं. संध्याकाळी शारजाच्या रांगेत गाड्यांचे लाल दिवे बघत तासन् तास बसायचा, आणि एरवी ज्या रांगेला शिव्या दिल्या तिच्यातच आता बरं वाटायचं, कारण रांगेत कुणीच कुठे पोचत नसतं. त्याच दिवसांत त्यानं लिस्बनच्या फायली पहिल्यांदा वाचल्या. आतापर्यंत त्याला फक्त मापं लागत होती, भिंतीची जाडी, कमानीचा ताण, दगडाचं वजन. आता तो तहसीननं जमवलेला मजकूर शेडमधल्या दिव्याखाली वाचू लागला. पूर्वीचे राजे टेकडीवरच्या किल्ल्यात राहायचे. मग जहाजं हिंदुस्थानातून मिरी आणि दालचिनी आणायला लागली, आणि एका राजानं ठरवलं की आपलं घर खाली, नदीकाठी, गलबतांच्या डोलकाठ्या दिसतील तिथे हवं. अडीचशे वर्षं राजे तिथे राहिले, प्रत्येकानं काही ना काही वाढवलं. सत्तर हजार पुस्तकांचं ग्रंथालय झालं. शेवटी राजवाड्याला लागून सोनेरी नक्षीचं एक नाटकघर झालं, ते वसंतात सुरू झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला गेलं. सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली, हजारो मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हलली. दगडांतून वाचलेली माणसं मोकळी जागा म्हणून नदीकडे धावली, राजवाड्यासमोरच्या मैदानात, आणि तिथे नदी त्यांच्या अंगावर आली. उरलेलं शहर मेणबत्त्यांनी पेटवलं.

राजा त्या दिवशी राजवाड्यात नव्हता. राजकन्यांना सण शहराबाहेर घालवायचा होता, म्हणून सगळं कुटुंब पहाटेची प्रार्थना आटोपून बेलेंला गेलं होतं. राजा वाचला, राणी वाचली, मुली वाचल्या. पण त्यानंतर तो राजा पुन्हा दगडी घरात राहिला नाही. आधी तंबूत राहिला. मग अजुडाच्या टेकडीवर त्याच्यासाठी लाकडाचा राजवाडा बांधला गेला. आत भारी पडदे, आरसे, दरबार, सगळं होतं, पण भिंती फळ्यांच्या होत्या, आणि लोक त्याला झोपडीच म्हणायचे, राजाची झोपडी. खाली त्याचे मंत्री शहर नव्यानं बांधत होते, सरळ रुंद रस्ते, भिंतीच्या पोटात लाकडी सांगाडा घातलेली घरं. घर हलल्यावर टिकतं का हे बघायला नमुन्याभोवती शिपायांना पाय आपटत चालवलं, असं म्हणतात. राजा टेकडीवरून ते सगळं बघत असेल. बावीस वर्षं बघितलं आणि लाकडाखालीच मेला. पुढे ती झोपडीही आगीत गेली. मग तिथे दगडाचा राजवाडा बांधायला घेतला, तो दोनशे वर्षं पुरा झाला नाही.

हे वाचताना राजाभाऊला तात्या आठवला. तात्या म्हणजे त्याचा चुलता. वडिलांचा धाकटा भाऊ, ज्याला तो पुण्याच्या होस्टेलात शिकत असताना दिवाळीच्या सुट्टीत भेटायला जायचा आणि ज्याची त्याला त्या काळात लाज वाटायची. किल्लारीच्या अलीकडे त्यांचं गाव. माळवदाची घरं, दगडी भिंती दोन-दोन हात जाड. भिंत जितकी जाड तितका माणूस बरकतीचा, असा तिथला हिशेब. गणपती विसर्जनाच्या रात्री राजाभाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा, गुलालानं माखलेला, मिरवणुकीत नाचून दमलेला, घरी न जाता खळ्यावरच्या कडब्याच्या गंजीवर झोपून गेला. पहाटे जागा झाला तेव्हा आधी वाटलं, गंज कोसळली. आवाज जमिनीच्या आतून येत होता, मालगाडी जवळून जावी तसा. मग आवाज थांबला आणि धूळ आली. उजाडलं तेव्हा गाव सपाट होतं, लाकडी खांब तेवढे ठिकठिकाणी उभे होते, आणि पाऊस लागला होता. आई, वडील, बहीण, तिघंही त्या जाड भिंतींखाली. त्याला कुणी जवळ जाऊ दिलं नाही. शेतात झोपलेला तात्या वाचला होता, त्यानं त्याला खांद्यावर घेतलं आणि तोंड पलीकडे वळवून धरलं. नंतर सरकारनं लांब माळावर सिमेंटची नवी घरं दिली, रांगेत, नंबर टाकलेली. तात्यानं आपल्या नव्या घरात धान्याची पोती ठेवली, बैलाचं सामान ठेवलं, आणि स्वतः घरापुढे पत्र्याची शेड उभारून तिच्यात झोपला. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात कान बधिर व्हायचे. साहेब लोक येऊन समजावून गेले की हे घर पडणार नाही. तात्या मान डोलवायचा आणि संध्याकाळ झाली की शेडमध्ये जायचा. गावात तसे तात्या पुष्कळ होते. राजाभाऊला मात्र तेव्हा वाटायचं, शिकलेल्या माणसानं असं वागू नये. आपण शिकू आणि उंच घरात राहू. सुचित्रानं एकोणिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला तेव्हा तो लगेच हो म्हणाला होता, आणि बाल्कनीत उभं राहून खाली बघताना त्याला खरोखर वाटलं होतं की ते सगळं मागे पडलं.

एका संध्याकाळी तहसीन लॅपटॉप घेऊन अंगणात आली. चाचा आत नमाज पढत होते. ती म्हणाली, "राजाभाऊ, लिस्बनहून आलेल्या नोट्समध्ये राजाला भित्रा म्हटलंय. ठेवू?" त्यानं सांगितलं, काढा. मग काय लिहू, असं तिनं विचारलं. झाडाखाली वाळलेली पानं पडली होती, त्यांतलं एक उचलून तो दुमडत राहिला. मग म्हणाला, "लिहा, त्यानंतर तो दगडाच्या छपराखाली राहिला नाही. बास, एवढंच." तिनं तेवढंच लिहिलं. जाताना ती म्हणाली की तो राजा होता म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी लाकूड आणलं. त्या शहरात बाकीच्यांनाही तशीच भीती वाटली असणार, पण त्यांचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. रात्रीच्या जेवणाचा घास राजाभाऊच्या तोंडात तसाच फिरत राहिला.

दोन दिवसांनी लिस्बनच्या बाईंबरोबर मीटिंग झाली, स्क्रीनवर. प्रोजेक्ट मॅनेजर हम्माद शेजारी बसला होता. बाई सौम्य होत्या, राजवाड्याचं कौतुक करत होत्या, दगडाचा रंग अगदी तसाच उतरलाय म्हणाल्या. त्यांचं एकच म्हणणं होतं: पडझडीच्या भागात माणसं नकोत. प्रदर्शनाला शाळेची मुलं येणार, आणि तसाही राजवाडा त्या सकाळी रिकामाच होता, राजघराणं बेलेंला होतं. हम्माद मान हलवून लिहून घेत होता. राजाभाऊ मीटिंगमध्ये कधी बोलायचा नाही; त्याचं काम शेवटी दाखवायचं असायचं. पण रिकामा हा शब्द त्याच्या कानात अडकला. त्यानं माइक सुरू केला आणि इंग्रजीत विचारलं, राजा नव्हता म्हणून राजवाडा रिकामा कसा? चुली कुणी पेटवल्या होत्या? ग्रंथालयाची दारं कोण उघडत होतं? नाटकघरात सकाळी झाडू कोण मारत होतं? बोलता बोलता आपला आवाज चढलाय हे त्याला जाणवलं, तेव्हा त्यानं तो खाली आणला. म्हणाला, पडतानाची माणसं मी दाखवणार नाही, मलाही ती बघवणार नाहीत. पण पडायच्या आधी ती तिथं असू द्या. सकाळ असू द्या. मग पडझड मी करतच नाही, पडदा काळा करा, मग टेकडीवरचा लाकडी राजवाडा, आणि शेवटी आजचा चौक दाखवा. हम्मादनं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. बाई म्हणाल्या, आमच्याकडे त्या चौकाला सरकारी नाव दुसरं आहे, पण म्हातारी माणसं अजून राजवाड्याचं अंगणच म्हणतात. विचार करून कळवतो, म्हणाल्या. हम्माद बाहेर येऊन एवढंच बोलला, हबीबी, तुला पाडायला ठेवलंय आणि तू बांधत सुटलास.

त्या आठवड्याच्या शेवटी सुचित्रा रोल्लाला आली. त्याचे इस्त्रीचे शर्ट पिशवीत घालून आणले होते. तहसीनच्या आईच्या हातचा चहा घेतला, घराचं कौतुक केलं, आणि दोघं अंगणात उरल्यावर शांतपणे विचारलं, "तू शुभ्राला वर सोडून खाली आला होतास?" शेजारच्या बाईंकडून तिला कळलं होतं, पोरगी एकटीच जिना उतरत होती, हातात बाबाच्या चपला घेऊन. शुभ्रानं स्वतः आईला काही सांगितलं नव्हतं. राजाभाऊ हो म्हणाला. त्या एका शब्दानंतर आपल्या घरात काय उरेल याचा त्याला अंदाज येईना. सुचित्रा खाटेच्या कडेवर बसली. ती बोलायला लागली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं. लग्न ठरताना त्यानं तिला सांगितलं होतं, आईवडील भूकंपात गेले. एक वाक्य. त्यापुढे तिनं विचारलं नाही, कारण तिला वाटायचं, आपण विचारलं तर याच्या आतलं काहीतरी मोडेल. चौदा वर्षं ती त्या एका वाक्याभोवतीनं जपून चालत आली होती. त्यालाही वाटत आलं होतं की हिला ऐकायचं नाहीये. त्या संध्याकाळी त्यानं तिला सांगितलं, कडब्याची गंज, धूळ, पाऊस, तात्याचा खांदा. सांगताना तो तिच्याकडे न बघता पत्र्याकडे बघत होता. ती त्याच्या शर्टांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

उठताना ती म्हणाली, "पळालास म्हणून मी तुला काही म्हणणार नाही, राजा. ते तुझ्या हातात नव्हतं. पण ती पोर त्या दिवसापासून धड बोलत नाहीये. तिला वाटतंय, तू तिच्यावर रागावून खाली राहिलायस." मग सुचित्रानं दोन गोष्टी सांगितल्या. खाली कुठेतरी घर बघूया, तिला चालेल. तिला वरचा वारा आवडतो, पण वाऱ्यावाचून माणूस जगतो. मात्र शुभ्राशी बोलायचं ते तिला इथं आणून नाही. तिच्या खोलीत, वर येऊन बोलायचं.

तो दुसऱ्याच दिवशी गेला. शनिवारची सकाळ होती. लिफ्ट टाळून जिन्यानं चढला. सुचित्रा एक पायरी मागे, मुद्दाम, म्हणजे त्याला वळून पळायचं तर तिच्या अंगावरूनच पळावं लागलं असतं. मधल्या मजल्यांवर दारांबाहेर चपला होत्या, लहान मुलांच्या सायकली होत्या, फोडणीचा आणि ऊदाचा वास होता. बाराव्याच्या वर त्याचे कान वाजायला लागले आणि तो पायरीवर बसला. तीही बसली. एक पाकिस्तानी म्हातारा कचरा टाकायला बाहेर आला, त्यानं सलाम केला आणि आत गेला. राजाभाऊच्या मनात तेव्हा लिस्बन नव्हतं, किल्लारीही नव्हतं. एवढंच होतं, की त्या दुपारी हीच पायरी एक अकरा वर्षांची मुलगी एकटी उतरली, आणि तिला कुणी खांद्यावर घेतलं नाही, तिचं तोंड कुणी पलीकडे वळवलं नाही. तो उठला. घराचं दार सुचित्रानं उघडलं. फरशी पायांखाली स्थिर होती, पण त्याच्या पायांचा तिच्यावर विश्वास नव्हता. भिंतीला हात लावत तो शुभ्राच्या खोलीपर्यंत गेला.

ती टेबलाशी बसून शाळेसाठी नकाशा रंगवत होती. तिनं वळून पाहिलं, आणि हातातल्या पेन्सिलीचं टोक कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. राजाभाऊ खुर्चीवर बसला नाही, खाली फरशीवर बसला, टेबलाच्या पायाला टेकून. तो म्हणाला, "शुभ्रा, त्या दिवशी मी पळालो. तुला न घेता."

"आय नो," ती म्हणाली. मग बराच वेळ रंगवत राहिली. "आय वॉज अंडर द डेस्क. लाइक इन द ड्रिल. आय कॉल्ड यू, बाबा. ट्वाइस."

त्याला ऐकू आलं नव्हतं. तसं त्यानं सांगितलं. ऐकू आलं असतं तर थांबलो असतो की नाही तेही माहीत नाही, हेही सांगितलं, कारण खोटं बोलायला त्या खोलीत जागाच नव्हती. शुभ्रानं पेन्सिल ठेवली. रागावला आहेस का, असं तिनं विचारलं. नाही, कधीच नव्हतो, तो म्हणाला. मग घरी का येत नाहीस? हा प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर साधं नव्हतं, तरी तो ते द्यायला लागला. ती खुर्चीवरून उतरून त्याच्या समोर येऊन बसली. मुलं विचारतात तसं ती विचारत गेली. घराचं दार कसल्या रंगाचं होतं? निळं, पण खालून उडालेलं. बैल होते का? दोन. बहिणीचं नाव काय? हे नाव त्यानं कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं, सुचित्रासमोर सांगतानाही "बहीण" एवढंच म्हणाला होता. कौसल्या, तो म्हणाला, आम्ही कौशी म्हणायचो, ती तुझ्यापेक्षा लहान होती आणि माझ्यापेक्षा जोरात धावायची. दारात उभी असलेली सुचित्रा हळूच चौकटीला टेकली. फोन वाजत होता, हम्मादचं नाव दिसत होतं. त्यानं तो न घेता बाजूला सारला. लिस्बनच्या बाईंनी चुलीपाशी बसलेल्या माणसांना आणि लाकडी राजवाड्याला होकार दिल्याचं त्याला दुपारी कळणार होतं.

"व्हॉट डिड युअर मॉम कॉल यू?" शुभ्रानं विचारलं.

"राज्या."

"लाइक, हाऊ? से इट लाइक हर."

त्यानं तोंड उघडलं आणि थांबला. होस्टेलात पहिल्या वर्षी पुण्याची मुलं त्याच्या बोलण्याला हसायची, काय करायलास, कुठं चाललाव, असं म्हणून दाखवायची. वर्षभरात त्यानं ती भाषा टाकली, इतकी नीट टाकली की तात्याशीही तो पुण्याचंच बोलायचा आणि तात्या गप्प व्हायचा. आता ती भाषा शोधायला त्याला खूप खाली जावं लागलं. आधी आवाज सापडला, चुलीच्या धुरानं जरा बसलेला. मग तो कुठून यायचा ती दिशा, खळ्याकडे तोंड करून, दारातून. मग शब्द.

"राज्या," तो म्हणाला, "ये बरं लवकर. भाकरी निवायल्यात."

त्याचा आवाज त्यालाच परका वाटला आणि फार ओळखीचाही. शुभ्राला शेवटचा शब्द कळला नव्हता, तिनं विचारलं. गार व्हायला लागल्यात, त्यानं सांगितलं. तिनं ओठांतल्या ओठांत ते वाक्य म्हणून पाहिलं, मग मोठ्यानं म्हटलं, शाळेत मराठीची कविता म्हणावी तसं, एकेक शब्द सुटा करून. उच्चार चुकला होता.

"तसं नाही," राजाभाऊ म्हणाला. "निवायल्यात. पुन्हा म्हण."